तडकलेल्या कुप्या

१

डीप फ्रीझरचा प्लग भिंतीतून काढून खाली टाकलेला होता आणि आत तीन वर्षांचं काम सडून पडलं होतं.

एकोणीसशे शहाण्णव सालची गोष्ट. रमजान ईद होऊन थोडे दिवस झाले होते आणि जालन्याचं ऊन आत्ताच डोळ्यांवर येऊ लागलं होतं. त्या सोमवारी सकाळी विद्यापीठाची समिती कॉलेजात आली. समिती म्हणजे एकट्या डॉ. उषाबाई तौर. दुसऱ्या सभासदांनी पोट बिघडल्याचं कळवलं होतं, आणि उषाबाईंना त्याचा आनंदच झाला होता. जीवरसायनशास्त्राच्या या निवृत्त प्राध्यापिकेला माणसं फारशी आवडत नसत, आणि समितीवर नेमलेली तर मुळीच नाही.

फाटकाशी प्राचार्य धर्मराज खरात हार घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. काकासाहेब वायाळ, कोट घालून, घामाघूम.

"मॅडम, फार वाईट झालं," वायाळ म्हणाले. "घात झाला. आमच्या संशोधनाचा कुणीतरी गळा घोटला."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" उषाबाईंनी विचारलं आणि हाराखालून वाकून पुढे निघाल्या.

प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी कुजलेल्या मांसाचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. मागच्या नळाशी शिपाई कचरू एका बादलीत काचेच्या लहान लहान कुप्या ओतत होता.

"थांब," उषाबाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं टाकायला?"

"वायाळ सरांनी. म्हन्ले, मॅडम यायच्या आत जल्दी साफ कर."

"वास मॅडमना सहन होणार नाही म्हणून," वायाळ घाईनं म्हणाले.

"माझं आयुष्य वासात गेलंय. बादली इकडं आण."

त्यांनी पदर खोचला आणि एकेक कुपी उजेडात धरून पाहिली. बऱ्याच कुप्यांना तळापासून वर उभी चीर गेलेली होती, पण काचेचा तुकडा एकीचाही निघालेला नव्हता. बुचं घट्ट होती. एका धड कुपीतलं गढूळ पाणी त्यांनी बोटावर घेतलं, दुसऱ्या बोटानं चोळलं, हुंगलं आणि हात धुऊन टाकला.

"हे कुणी केलं ते आम्हाला ठाऊक आहे," मागून प्राचार्य म्हणाले. "वायाळ सरांशी भांडली होती, आणि काल इथं तीच एकटी आली होती. मुलगी माझ्या ऑफिसबाहेर बसवून ठेवली आहे. दुपारी संस्थेच्या मंडळींची बैठक आहे. तिची नोंदणी रद्द करतो आणि मग पोलिसांत देतो."

"तिनं हे पाहिलं का?" उषाबाईंनी बादलीकडे बोट केलं.

"तिला आत येऊच दिलं नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या भुजंगलाही नाही. मी स्वतः उघडलं, स्वतः पाहिलं," वायाळ म्हणाले.

"हो, स्वतः," उषाबाई म्हणाल्या. "बादलीला कुणी हात लावायचा नाही. आणि त्या मुलीशी आधी मी बोलणार."

२

शकीला शेख मंठ्याच्या लालमियाँ टेलरची धाकटी मुलगी. तीन वर्षं ती उजाडताच बादली घेऊन कत्तलखान्यात जात होती. लोक जे फेकून देत, ते शेळ्यांचे गर्भाशय ती निवडून आणत होती. स्टाफरूममधल्या पुरुषांनी तिचं नाव 'पिशवीवाली' ठेवलं होतं. ही सगळी मंडळी प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवून पोट भरत होती, आणि गर्भाशय हा शब्द आला की सातवीतल्या पोरांसारखी एकमेकांना कोपर मारत होती.

उषाबाईंनी रिकाम्या वर्गात तिला समोर बसवलं.

"काम काय आहे ते मला सांग. कागदावर वायाळांनी लिहिलंय ते वाचलं मी. त्यात काही कळत नाही."

शकीलाचे डोळे सुजले होते, पण कामाचं विचारल्यावर ती सरळ बसली.

"मॅडम, शेळी गाभण राहिली की पहिल्या दिवसांत तिच्या गर्भाशयात पाणी सुटतं. त्यात एक एन्झाइम असतं. गर्भाला भिंतीत रुजायला ते वाट करून देतं. ज्या शेळीचा गर्भ राहतच न्हाई, ती मालक खाटकाला विकतो. तसल्या शेळ्यांत मला ते फार कमी सापडलं. ते शुद्ध करून कुप्यांत भरून ठेवलं होतं. तुम्ही आज तपासणार होता."

"हाच विषय का घेतला?"

"माझी मोठी बहीण, सलमा. तिचा गर्भ तीनदा पडला. सासरच्यांनी आणून सोडलं घरी. डॉक्टर म्हणे अल्लाची मर्जी. मंग मला वाटलं, मर्जी असंल तर तिचं काही रसायन असंलच की."

उषाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"वायाळांशी भांडण कशावरून झालं?"

"शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं, भुजंगचं दुसरं. माझं तिसरं होतं. मी म्हणलं, सर, तुम्ही तर कधी फ्रीझर पण उघडला न्हाई. ते म्हणले, टेलरच्या पोरीनं कॉलर कुठं लावायची ते मला शिकवू नये."

"रविवारी इथं आली होतीस?"

"दुपारी. तुमच्यासाठी बाकीची तयारी करायला. फ्रीझर चालू होता, आवाज येत होता. कुप्यांचा डबा मी ईदच्या आधीच चिकटपट्टी लावून तळाशी ठेवला होता. पुन्हा उघडायचं काम पडलं न्हाई. मंग घरी मंठ्याला गेल्ते."

"आता एक सांग. तुझी कुपी फ्रीझरमधून काढून लगेच तिरकी केली, तर काय होतं?"

शकीलाला प्रश्न चमत्कारिक वाटला. तरी तिनं उत्तर दिलं.

उषाबाईंनी ते ऐकलं आणि उठता उठता म्हणाल्या, "हे मला सांगितलंस ते कुणाला सांगू नको. संध्याकाळपर्यंत तरी."

३

भुजंग लहाने हा त्याच प्रयोगशाळेतला दुसरा संशोधक. केसांना तेल, खिशाला दोन पेनं आणि तोंडात 'सर' हा एकच शब्द. शकीलाची शिष्यवृत्ती सुटली की ती त्याला मिळणार होती, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"तुझा फायदाच झाला की," उषाबाई म्हणाल्या.

"तसं न्हाई मॅडम. मी रविवारी अंतरवालीला होतो. आत्याच्या घरी साखरपुडा होता. शंभर माणसानं पाह्यलंय मला."

"तू निबंधावर दुसरा. काम काय केलंस?"

भुजंगनं मान खाली घातली. "सरांनी टाकलं नाव. मी कधीमधी मोजमाप करून देत होतो."

"मग हे तरी सांग. कुपी फ्रीझरमधून काढून लगेच तिरकी केली, तर काय होतं?"

"काकवीसारखं हळू सरकतं," भुजंग लगेच म्हणाला. "पिपेटला चिकटून बसतं. धुता धुता जीव जातो."

उषाबाईंना त्याच्याबद्दल क्षणभर बरं वाटलं. नालायक होता, पण निदान हात घातला होता.

"ईदच्या सुट्टीत कोण कोण इथं होतं?"

"कोणीच न्हाई. कचरू गावी गेल्ता, शकीला मंठ्याला. सर मुंबईला गेले, कसलीशी परिषद होती. मीच स्कूटरवर टेसनला सोडलं त्यांना." मग त्याला काही आठवलं. "मांडीवर एक बाटली होती टॉवेलात गुंडाळलेली. मी म्हणलं, सर, द्या मी धरतो, तर देईनात. मला वाटलं औषध असंल. दवाखान्यासारखा वास येत होता."

उषाबाई पुढे वाकल्या.

"बर्फ होता का सोबत? थर्मास, बर्फाचं भांडं, काही?"

"न्हाई. नुसता टॉवेल."

"अरे देवा," उषाबाई हळूच म्हणाल्या. "गाढव तो गाढवच."

४

कचरूला वायाळांनी सकाळीच निलंबित करण्याची धमकी दिली होती, कारण तो कधी कधी फ्रीझरचा प्लग काढून त्या जागी चहाची किटली लावत असे.

"लावत होतो मॅडम," कचरू म्हणाला. "पण शकीलाबाईनं एकदा अशी झाडली का मंग पुन्हा न्हाई. आता खाली गाड्यावरून चहा आणून राह्यलो."

"त्या कुप्यांत काय असतं, माहीत आहे?"

"आतलं बिलकुल ठावं न्हाई. बाई त्यात गिलसरीन टाकतात, तेवढं ठावं. मीच आणून देतो दुकानातून. थंडीत टाचाला लावायला मागितलं तर एक थेंब देत न्हाईत."

त्याला सोडून उषाबाई वायाळांच्या खोलीत गेल्या. भिंतीवर वायाळांचे सत्काराचे फोटो होते. एकाच शालीचे असावेत असे सगळे सारखे दिसत होते. टेबलावर काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये बुडवलेला बेडूक होता, पांढराफटक आणि शांत.

"मॅडम, बसा. मी तर म्हणतो मुलीचा दोष नाही, संगतीचा आहे," वायाळ म्हणाले. "या मुलींना शिकवलं की डोक्यात हवा जाते. आपण तिच्यावर दया करू. पोलिसांत नको. फक्त नोंदणी रद्द."

"मोठं मन आहे तुमचं. मला एवढंच सांगा, तुम्ही कुप्या शेवटच्या कधी पाहिल्या? धड असताना?"

"परवा शनिवारी. मुद्दाम खात्री केली. डबा उघडून एक कुपी हातात घेतली."

"कशी होती?"

"कशी म्हणजे? उत्तम. दगडासारखी गोठलेली."

"तिरकी केली असती तर?"

वायाळांनी उषाबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाईमाणूस कितीही शिकलं तरी शेवटी असलेच प्रश्न विचारणार. "डीप फ्रीझरमधली वस्तू मॅडम. ती कशी हलेल? बर्फ असतो तो."

"बरोबर," उषाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चला, प्राचार्यांच्या खोलीत. सगळ्यांना बोलवा. मला चोर सापडला."

५

प्राचार्यांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. प्राचार्य खुर्चीत, वायाळ त्यांच्या उजव्या हाताला. शकीला, भुजंग आणि कचरू भिंतीला टेकून उभे. उषाबाईंनी बादली थेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला.

"शकीला, इकडं ये. हे तुझं आहे का बघ."

शकीलानं एक धड कुपी उचलून हलवली आणि तिचा चेहराच बदलला. "हे माझं न्हाई, मॅडम. हे तर पाणी आहे."

"का, ते सांग यांना."

"मी प्रत्येक कुपीत अर्धं ग्लिसरीन घालते. ग्लिसरीन घातलेलं पाणी आपल्या या फ्रीझरात गोठत न्हाई, दाट होऊन नुसतं सरकतं. गोठलं तर एन्झाइम खराब होतं, म्हणून घालायचं. आणि शुद्ध केलेलं एन्झाइम एका रात्रीत असं मांसासारखं सडत न्हाई."

"झालं," उषाबाई म्हणाल्या. "प्राचार्य, आता ऐका. कुप्यांना उभ्या चिरा आहेत. कुणी आपटल्या असत्या तर तुकडे झाले असते. पाणी गोठलं की फुगतं आणि काच तडकवतं. म्हणजे प्लग निघायच्या आधीच या कुप्यांत पाणी होतं, मटण धुतल्याचं गढूळ पाणी, आणि ते गोठलं होतं. खरं एन्झाइम त्याआधीच काढून नेलेलं होतं. प्लग काढला तो फक्त हे पाणी सडावं म्हणून, म्हणजे मला तपासता येऊ नये. आता सांगा, अदलाबदल कुणी केली?"

"हिनंच," वायाळ म्हणाले. "हिच्याशिवाय डब्याला कोण हात लावत होतं?"

"हिनं अदलाबदल केली असती तर नकली कुप्यांतही ग्लिसरीन घातलं असतं. ते गोठता कामा नये हे तिला माहीत. भुजंगलाही माहीत, त्याची पिपेट चिकटते. कचरूला माहीत, तोच दुकानातून आणतो. या अख्ख्या प्रयोगशाळेत कुपीत ग्लिसरीन असतं हे ज्याला माहीत नव्हतं, असा एकच माणूस आहे." त्यांनी वायाळांकडे पाहिलंसुद्धा नाही. "निबंधावर त्याचं नाव पहिलं आहे."

भुजंगनं आणि कचरूनं एकदमच वायाळांकडे पाहिलं.

"मला त्यांनी आत्ताच सांगितलं," उषाबाई पुढे म्हणाल्या, "शनिवारी कुपी दगडासारखी होती म्हणून. दगडासारखी होतीच, कारण ती त्यांनीच भरली होती. शकीलाची कुपी कधी गोठत नाही, हे त्यांनी चोरतानाही पाहिलं नाही; डबा बाहेर ठेवून वितळायची वाट पाहिली असणार. ते कळायला चोरीच्या आधीही कधी फ्रीझर उघडावा लागतो."

"हा आरोप आहे," वायाळ म्हणाले, पण आवाज आधीसारखा राहिला नव्हता. "मी विभागप्रमुख आहे. सगळं माझंच आहे. मला चोरायचं कारण काय?"

"ईदला तुम्ही टॉवेलात गुंडाळून काय मुंबईला नेलंत? असं एन्झाइम घेणाऱ्या कंपन्या मुंबईत मोजक्याच आहेत. जनावर गाभण राहिलं का ते लवकर ओळखायला त्यांना हवंच असतं. सगळीकडं माझे विद्यार्थी आहेत. प्राचार्यांच्या फोनवरून मी एकेकाला विचारते. नाहीतर तुम्हीच नाव सांगा, कॉलेजचा एसटीडीचा खर्च वाचेल."

वायाळांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीबाहेर पाहत होते. कालपर्यंत हेच गृहस्थ वायाळांना भावी प्राचार्य म्हणत होते.

वायाळांनी नाव सांगितलं. मग एकदम बोलायलाच लागले. तिकडून होकार आला की ते एकटेच धनी होणार होते. पोरीला काय, दुसरा विषय मिळाला असता. शेवटी लग्न करून मंठ्यातच बसणार होती. आपण तिचं नुकसान केलं असं नाही, तिला फक्त बाजूला केलं. ते शकीलाकडे न बघता बोलत होते, आणि मधून मधून 'समजून घ्या' म्हणत होते.

उषाबाईंनी फोन फिरवला. मुंबईचा नंबर लागायला वेळ लागला. पलीकडच्या माणसाशी त्या थोडंसं बोलल्या, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडावर जिंकल्याची कसलीच खूण नव्हती.

"त्यांनी तपासलं," त्या म्हणाल्या. "बाटलीत काही जिवंत नव्हतं. एन्झाइम पूर्ण मेलेलं. मागच्या आठवड्यात मोरीत ओतून टाकलं त्यांनी. नकाराचं पत्र टपालात आहे."

वायाळांचं तोंड उघडं राहिलं. "पण मी तर नीट नेलं. टिकावं म्हणून काळजी घेतली होती."

"काय घातलंत त्यात?"

"स्पिरिट," वायाळ म्हणाले. "आपण सगळं स्पिरिटमध्येच ठेवतो ना."

भुजंग खाली बघून हसला, आणि मग आपण कुणाला हसलो हे लक्षात येऊन घाबरला. उषाबाईंना हसू आलं नाही. तीन वर्षं एका मुलीनं पहाटे उठून रक्तात हात घातले, आणि या माणसानं त्याचा बेडूक केला. चोरीची तरी अक्कल हवी होती. रागावण्याएवढीही त्याची लायकी नाही, असं त्यांना वाटलं.

शकीला मात्र टेबलापर्यंत पुढे आली. सगळ्यांना वाटलं ती आता रडेल किंवा ओरडेल. तिनं विचारलं, "सर, स्पिरिट किती घातलं?"

"काय?"

"किती घातलं? निम्मं, का पाव?"

"निम्म्याला निम्मं," वायाळ पुटपुटले.

"आणि उन्हात होती का बाटली?"

"नाही. टॉवेलात. रात्रभर गाडीत, सकाळी दिली."

"एका रात्रीत सगळं मेलं," शकीला स्वतःशीच म्हणाली. "मला वाटायचं थोडं तरी टिकेल."

प्राचार्यांनी घसा साफ केला. कॉलेजचं नाव, संस्थेची प्रतिष्ठा, बाहेर न बोलणं, असं बरंच काही त्यांनी सुरू केलं. उषाबाईंनी टेबलावरचा हार उचलून बादलीत टाकला आणि शकीलाला म्हणाल्या, "तुझं सामान बांध. आजपासून तुझी मार्गदर्शक मी. पुन्हा सगळं करावं लागेल."

"करीन मॅडम. कसं करायचं ते तर माझ्याजवळच आहे."

कचरूवरचा ठपका त्याच दिवशी मागे घेतला गेला. वायाळांना संस्थेनं तब्येतीच्या कारणावरून निवृत्त केलं. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि प्राचार्यांनी त्यांच्या निष्ठेवर भाषण केलं. शकीला उषाबाईंकडे औरंगाबादला, विद्यापीठात गेली. पुढच्या दीड वर्षात तिनं एन्झाइम पुन्हा काढलं, आधीपेक्षा शुद्ध.

तिचा प्रबंध आजही विद्यापीठात आहे. त्यात एका पानावर असं नोंदलेलं आहे, की समप्रमाणात स्पिरिट मिसळून बर्फाशिवाय एक रात्र ठेवल्यास हे एन्झाइम संपूर्ण नष्ट होतं. पुढची ओळ तिनं परीक्षकांच्या हरकतीनंतरही काढली नाही:

'या निरीक्षणासाठी डॉ. काकासाहेब वायाळ यांची आभारी आहे. या संशोधनातलं त्यांचं हे एकमेव काम.'